पत्रादेवीच्या नाक्यावर रोग अडतो का? : पशुधनविषयक प्रश्नोत्तरे

या वेळी गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रे गुरांच्या तोंडाला आणि खुरांना फोड आणणाऱ्या लाळ-खुरकूत या एकाच रोगासंबंधी आहेत. काही पत्रांचा सूर असा आहे की शेजारी देशांच्या सहकार्याच्या गोष्टी दिल्लीत बोलाव्यात, गोठ्यात त्यांचे काय काम? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही, म्हणून त्याच पत्राने आरंभ केला आहे. उत्तरे आमचे पशुवैद्यक सल्लागार देत आहेत.

सत्तरीतील एक दूध उत्पादक विचारतात : माझ्याकडे पाच दुभत्या गायी आहेत. सरकारी टोचणी वर्षातून दोनदा होते, कानांत बिल्ले आहेत. असे असूनही गावच्या बैठकीत डॉक्टर नेपाळ, बांगलादेश, म्यानमार यांची नावे घेतात. त्या देशांचा आणि माझ्या गोठ्याचा संबंध काय?

उत्तर : संबंध दोन बाजूंनी आहे. पहिली बाजू लसीची. लाळ-खुरकुतीच्या विषाणूचे सात प्रकार असून एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकारापासून वाचवत नाही. आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार आढळतात आणि आपली लस या तिघांसाठीच बनवलेली असते. मात्र एकाच प्रकाराच्या पोटातही विषाणू सतत बदलत राहतो. शेजारच्या देशात बदललेला विषाणू फिरू लागला आणि त्याची माहिती आपल्या प्रयोगशाळेपर्यंत वेळेवर पोचली नाही, तर आपण जुन्या विषाणूवरची लस टोचत बसतो. अशा वेळी टोचणी नियमित झालेली असते, बिल्लाही कानात असतो आणि तरीही गायीच्या तोंडाला फोड येतात.

दुसरी बाजू गुरांच्या बाजाराची. गोव्यात चांगली दुभती जनावरे बहुधा बाहेरून आणली जातात. ती चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येतात, नाहीतर महाराष्ट्राकडून पत्रादेवी आणि दोडामार्गच्या बाजूने. ज्या बाजारातून ती उचलली जातात, तिथे आधीच चार राज्यांची गुरे एका दावणीला उभी राहिलेली असतात. जनावर जिथे स्वस्त तिथून जिथे महाग तिकडे चालू लागते आणि त्याच्याबरोबर विषाणूही चालतो. नेपाळशी आपली सीमा खुली आहे, बांगलादेशाशी कुंपणाची आहे, पण भावातला फरक मोठा असला की दोन्हींकडून वाट निघते.

हा प्रवास एकाच दिशेने होतो असेही नाही. 'इंड-२००१' या नावाने ओळखली जाणारी ओ प्रकाराची एक शाखा आपल्या देशात प्रथम ओळखली गेली आणि नंतरच्या वर्षांत ती मध्यपूर्व, उत्तर आफ्रिका, आग्नेय आशिया आणि २०१६ साली मॉरिशसपर्यंत पोचली. तेव्हा 'शेजाऱ्यांमुळे आपल्याला त्रास' असे म्हणताना शेजाऱ्यालाही तेच म्हणण्याचा अधिकार आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तुमच्या टोचणीबद्दल एक सूचना. गोठ्यातल्या पाचही गायी टोचल्या, तरी गावातली मोकाट गुरे, बिल्ला नसलेली वासरे आणि रानात चरणारी जनावरे राहून जातात. कळपाला संरक्षण मिळण्यासाठी साधारण ८० टक्के जनावरांत प्रतिकारशक्ती असावी लागते, आणि रस्त्यावर बसणाऱ्या बेवारस गुरांना त्या हिशेबात कोणी धरत नाही. टोचणीचा पथक गावात येईल त्या दिवशी पंचायतीने ही गुरे एका जागी बांधून द्यावीत, असा आग्रह तुमच्यासारख्यांनी ग्रामसभेत धरला पाहिजे.

पेडण्याचे एक वाचक लिहितात : राज्याच्या सीमेवर नाके आहेतच. रोगाच्या दिवसांत बाहेरचे जनावर आत येऊ द्यायचे नाही, एवढे केले तर पुरे नाही का?

उत्तर : पुरे नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा २ ते १४ दिवस जातात आणि लाळ गळू लागण्याच्या आधीपासूनच जनावर विषाणू बाहेर टाकत असते. नाक्यावरच्या शिपायाला जे धडधाकट दिसते, तेच कधी कधी रोग घेऊन आलेले असते. शिवाय हा विषाणू टेम्पोच्या फळ्यांना, गवळ्याच्या चपलांना आणि दुधाच्या कॅनलाही चिकटून येतो. त्या सगळ्यांसाठी नाका बंद करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही.

१९६१ च्या डिसेंबरपर्यंत पत्रादेवीची सीमा ही दोन राष्ट्रांमधली सीमा होती. आज ती दोन राज्यांमधली आहे. त्यामुळे तिच्यावरचा कारभार बदलला, रोगाच्या दृष्टीने मात्र काहीच बदलले नाही.

आणि सीमा म्हणून समुद्र असला तरी तो पुरत नाही. श्रीलंकेत बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग कित्येक दशके नव्हता. १९८७ साली तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या जेवणासाठी नेलेल्या शेळ्यांबरोबर ती परत गेली, असे मानले जाते, आणि ती निपटायला १९९४ साल उजाडले. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ-खुरकूत पसरली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. तिथला उगम बेकायदा आणलेल्या मांसाचे खरकटे डुकरांना घालण्यात होता, असा निष्कर्ष निघाला.

पूर्ण बंदीचा आणखी एक तोटा असतो. हंगामात जनावर हवेच असते, म्हणून बंदी आली की व्यवहार थांबत नाही, तो रात्रीच्या आडवाटेने होतो, आणि मग कोणते जनावर कुठून आले याची नोंदच राहत नाही. नाक्याचा खरा उपयोग अडवण्यापेक्षा लिहून ठेवण्यात आहे. बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, निघाल्याचे गाव, जाण्याचे गाव आणि लस कधी दिली त्याची तारीख एवढे नीट नोंदले गेले, तर रोग उद्भवल्यावर मागोवा घेता येतो. थोड्या काळाची, एखाद्या तालुक्यापुरती मनाई मात्र योग्य आहे आणि कायद्यातही तिला जागा आहे.

मडगावच्या एक शिक्षिका विचारतात : देशांनी एकत्र येऊन गुरांचा एखादा रोग खरोखर संपवला, असे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे, आणि ते आपल्या आजोबांच्या पिढीला ठाऊक असलेल्या बुळकांडीचे आहे. गावेच्या गावे गुरांवाचून उघडी पाडणारा हा रोग. त्याचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ साली हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली आणि पुढे तीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरे अँटवर्पच्या बंदरात थांबली आणि तिथून बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. त्या धक्क्याने जागे झालेल्या २८ देशांनी १९२४ साली पॅरिसमध्ये जागतिक पशुआरोग्य संघटना स्थापन केली. पशुरोगांतील आंतरराष्ट्रीय सहकार्याची सुरुवातच अशी आपल्या गुरांपासून झाली आहे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

भारतात शेवटचा उद्रेक १९९५ चा, पाकिस्तानात २००० चा. जगातून रोग संपल्याची घोषणा २०११ साली झाली. या यशात लसीचा वाटा मोठा होता. परंतु मला अधिक धाडसाची वाटते ती नंतरची पायरी, म्हणजे लस बंद करण्याची. लस चालू असेपर्यंत रोग दबलेला आहे की संपलेला, हे कळत नाही. म्हणून एकेका प्रदेशात लस थांबवायची, गावोगाव शोध घेत राहायचे आणि लपलेला रोग वर आलाच, तर तो ताबडतोब जाहीर करायचा. आपण लस थांबवली आणि शेजाऱ्याने रोग दडवला, तर आपली सगळी गुरे उघडी पडली असती. या टप्प्यावर शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला आणि तो ठेवण्याजोगा निघाला.

लाळ-खुरकुतीबाबत तितकी आशा धरू नये. बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच होता, एका लसीने दीर्घकाळ संरक्षण मिळे आणि बरे झालेले जनावर विषाणू बाळगत नसे. लाळ-खुरकुतीत प्रकार अनेक, लसीचा परिणाम सुमारे सहा महिने, आणि बऱ्या झालेल्या काही गायी-म्हशींच्या घशात विषाणू दीर्घकाळ राहतो. केंद्र सरकारने २०१९ साली १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला आणि २०३० पर्यंत निर्मूलनाचे ध्येय ठेवले. टोचणीचा विस्तार त्यामुळे पुष्कळ झाला, हे मान्य करावे लागेल. पण शेजारी देशांतून येणाऱ्या विषाणूचा बंदोबस्त होईपर्यंत 'निर्मूलन' हा शब्द मी स्वतः जपून वापरीन.

फोंड्याचे एक सेवानिवृत्त कर्मचारी लिहितात : सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या प्रमुखांची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही. जे देश एका टेबलाशी बसत नाहीत, ते गुरांच्या रोगावर काय सहकार्य करणार?

उत्तर : शंका रास्त आहे. तरीही प्रमुखांची परिषद थांबली म्हणून प्रयोगशाळांचे काम थांबतेच असे नाही. ओडिशात भुवनेश्वरजवळ लाळ-खुरकुतीची राष्ट्रीय संस्था आहे. दक्षिण आशियातल्या देशांसाठी संदर्भ प्रयोगशाळेची भूमिका तिच्याकडे आहे. शेजारी देशाने नमुना पाठवला, त्याचा प्रकार ओळखला गेला आणि लस त्याच्याशी जुळते की नाही हे कळवले गेले, एवढ्या साध्या देवघेवीला पंतप्रधानांची भेट लागत नाही. सीमेपलीकडचा जिल्हा पशुवैद्यक कोण आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, हे अलीकडच्याला ठाऊक असणे हे माझ्या मते दहा ठरावांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

राजकारणात न जुळणाऱ्यांचे उदाहरण युरोपातही आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे वैर जुने. परंतु थ्रेस या सीमाभागात हे दोन देश आणि बल्गेरिया मिळून गुरांची तपासणी ठरलेल्या पद्धतीने करतात आणि निष्कर्ष एकमेकांना दाखवतात, कारण तुर्कस्तानातून रोग आला तर तो साऱ्या युरोपात जाईल, ही भीती तिघांनाही सारखीच आहे. या कामामागे १९५४ पासून चालत आलेला युरोपीय देशांचा लाळ-खुरकूत आयोग आहे.

आपल्याला अधिक जवळचा धडा आग्नेय आशियाचा आहे. १९९७ साली तिथल्या देशांनी संयुक्त मोहीम सुरू केली, तिचे समन्वय कार्यालय बँकॉकमध्ये आहे आणि २०१० साली चीनही तिच्यात सामील झाला. या मोहिमेने सुरुवातीच्या काळात केलेले एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. गुरे कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या भावासाठी सीमा ओलांडतात, याचे नकाशे तिने तयार केले. ते पाहून असे आढळले की भाव बदलले की वाटेची दिशाही बदलते, आणि काल जो देश विकणारा होता तो आज घेणारा होतो. सगळीकडे सारखी लस वाटत बसण्यापेक्षा या वाटांच्या तोंडाशी टोचणी आणि देखरेख वाढवणे स्वस्तात पडते. फिलिपिन्सने याच काळात रोग हटवला आणि २०११ साली तो देश रोगमुक्त ठरला. उलट इंडोनेशिया १९८६ पासून रोगमुक्त होता, तिथे २०२२ साली रोग परत आला, आणि आला तो 'इंड-२००१' याच शाखेचा.

डिचोलीचे एक दूध उत्पादक विचारतात : माझ्या एका म्हशीच्या तोंडाला फोड आले होते. मी सोसायटीला कळवले असते तर माझे दूध बंद झाले असते आणि गावाने माझ्याकडे बोट दाखवले असते. ती बरी झाली. मी गप्प राहिलो यात चुकले काय?

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो. कायद्याने पाहिले तर चुकले. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याप्रमाणे अशा रोगाची नुसती शंका आली तरी ती कळवणे मालकावर बंधनकारक आहे. एवढेच नाही, तर राज्यात रोग आढळला की राज्याच्या पशुसंवर्धन संचालकांनी लगतच्या राज्यांच्या संचालकांना विनाविलंब सूचना द्यावी, असेही त्यात आहे. आपण गप्प राहिलात म्हणून दोडामार्गच्या किंवा खानापूरच्या गोठ्याला मिळायची ती सूचना मिळाली नाही.

पण दोष आपल्या एकट्याच्या पदरात टाकून मी मोकळा होणार नाही. कळवल्याने तोटा आणि लपवल्याने फायदा, असा हिशेब मांडून ठेवला की गरीब माणूस लपवणारच, आणि श्रीमंत देशही लपवतो. उलट जर्मनीचे पाहा. १० जानेवारी २०२५ रोजी ब्रांडेनबर्गमधल्या एका म्हशींच्या कळपात, १९८८ नंतर प्रथमच, लाळ-खुरकूत आढळली. जर्मनीने ती लगेच जाहीर केली आणि ब्रिटन, दक्षिण कोरियासारख्या देशांनी तिथल्या मालाला दार बंद केले. एका गोठ्यापायी साऱ्या देशाचा रोगमुक्तीचा दर्जा गेला. असे असूनही तो देश बोलला, याचे कारण असे की रोग एका भागात कोंडला तर उरलेल्या भागाचा व्यापार लवकर सुरू करण्याची सोय आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, आणि मारलेल्या जनावरांची भरपाई मालकाला मिळते. काही महिन्यांतच त्याचा दर्जा परत आला.

आपल्याकडे स्थिती उलटी आहे. लाळ-खुरकुतीत जनावरे मारली जात नाहीत, म्हणून त्या भरपाईचा प्रश्नच निघत नाही. मोठे जनावर बहुधा मरत नाही. पण दूध आटते, गाभण गाय गाभडते, वासरू हृदयावर परिणाम होऊन दगावते, आणि हे सगळे नुकसान मालकाच्या पदरी राहते. गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाच्या साथीत २०२२ साली महाराष्ट्र सरकारने मृत दुभत्या जनावराला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मदत दिली. मदत मिळवायची तर कळवावे लागते. माझे मत असे की लाळ-खुरकुतीत तेवढी रक्कम लागणार नाही. ज्याने पहिल्या दोन दिवसांत कळवले, त्याला दूध बंद असलेल्या दिवसांची भरपाई सोसायटी आणि सरकार यांनी अर्धी-अर्धी द्यावी. गोव्यासारख्या लहान राज्याला हा खर्च जड नाही, आणि पुढे होणाऱ्या औषधोपचारापेक्षा तो कमीच पडेल.

देशांच्या पातळीवर हीच गोष्ट आणखी एका कारणाने अडते. जिथे रोग नव्हता तिथे तो उद्भवला, तर जागतिक संघटनेला २४ तासांत कळवावे लागते. जिथे तो कायमचा ठाण मांडून आहे, तिथे सहा महिन्यांनी जाणारा अहवाल पुरतो. दक्षिण आशियात रोग ठाण मांडूनच आहे. म्हणून शेजाऱ्याला महिन्याच्या आत कळेल अशी देवघेव या देशांनी आपसात ठरवावी लागेल. ती कोणी वरून लादणार नाही.

वास्कोच्या एक गृहिणी विचारतात : अशा गायीचे दूध घरात आले तर मुलांना काही होईल का?

उत्तर : नाही. माणसाला हा रोग होणे अत्यंत विरळ आणि झालाच तर सौम्य असते. दूध उकळूनच वापरावे. मुलांच्या हाता-पायांना आणि तोंडात फोड येणारा आजार वेगळ्याच विषाणूचा आहे, त्याचा गुरांशी संबंध नाही.

काणकोणचे एक वाचक : लम्पीसाठीही हेच उपाय लागू होतात का?

उत्तर : काही अंशी. लम्पी प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरते, त्यामुळे गोठ्याची स्वच्छता आणि कीटकनियंत्रण अधिक महत्त्वाचे. २०१९ साली ती बांगलादेश आणि ओडिशात जवळपास एकाच वेळी दिसली, पुढच्या वर्षी नेपाळ, भूतान आणि श्रीलंकेत पोचली, आणि २०२२ साली गुजरात-राजस्थानात तिने कहर केला. तीन वर्षे हाताशी होती, आणि ती आपण पुरेशी वापरली नाहीत.

धारबांदोड्याचे एक तरुण पशुपालक : येत्या महिन्यात बेळगावकडून दोन गायी आणणार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : सौदा करण्याआधी बिल्ल्याचा क्रमांक घेऊन आपल्या दवाखान्यातून त्या गायींच्या लसीची नोंद पाहून घ्या. बिल्ला नसलेली गाय कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. लस देऊन किमान तीन आठवडे झालेले असावेत, म्हणजे प्रवासाच्या ताणाआधी प्रतिकारशक्ती आलेली असते. बाजारातून घेण्यापेक्षा एखाद्या गोठ्यातून थेट घेतलेले चांगले, कारण बाजारात आपली गाय कोणाशेजारी उभी होती हे कधीच कळत नाही. निघताना तिथल्या पशुवैद्यकांचे आरोग्य प्रमाणपत्र घ्या आणि टेम्पो भरण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्यायला लावा. घरी आल्यावर गायी २१ दिवस वेगळ्या बांधाव्यात. त्यांचे पाणी, दावे आणि घमेले वेगळे ठेवावे, आणि त्यांची धार शेवटी, म्हणजे घरच्या जनावरांनंतर काढावी. या दिवसांत लाळ, लंगडणे किंवा ताप दिसला, तर आपल्या दवाखान्याला आणि ज्याच्याकडून गायी घेतल्या त्यालाही त्याच दिवशी कळवा, कारण त्याच्या गोठ्यात उरलेली जनावरे आणखी कोणाकडे जायच्या बेतात असतील.